लिनक्स, प्रिंटर आणि उभी पऱ्हाटी

२० नोव्हेंबर २०१७, सोमवार

आजपासून मी मुक्त. संगणकातून विंडोज हद्दपार, लिनक्सची स्थापना. लोकांना वाटते जुन्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला म्हणून हे केले. ते निमित्त. विकत घेऊनही जी वस्तू कंपनीचीच राहते ती घरात ठेवायची नाही, हे तत्त्व. (आमची विंडोज विकत घेतलेली नव्हती, पण तो मुद्दा वेगळा.) श्रावणात आमच्या दैनिकाने (मी त्याचा इथला वार्ताहर) माझा 'बियाण्याचे स्वराज्य' हा लेख छापला, त्यात हेच मांडले होते. दरवर्षी बीटी कपाशीच्या बियाण्याच्या थैलीसाठी कंपनीच्या दारात उभा राहणारा शेतकरी स्वतंत्र नव्हे, देशी वाण जपा, वगैरे. लेखाची खामगावात चर्चा झाली. निदान मोईजच्या दुकानात झाली.

मोईज म्हणजे बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला. इतकी वर्षे बातम्यांच्या प्रिंट त्याच्याकडेच काढल्या. माणूस सज्जन, खोड एकच: जे छापतो ते आधी मोठ्याने वाचतो. चुका सापडतात म्हणतो. बसलेल्या गिऱ्हाइकांची करमणूक होते ती वेगळी. आज त्याला सांगून आलो की यापुढे येणे नाही, स्वतःचा प्रिंटर घेतला. म्हणाला, पंडितजी, लिनक्सपे प्रिंटर चलता क्या? मी म्हणालो, चालत नाही, धावतो. दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

निश्चय: रोज सकाळी एक तास लिनक्स. पाठशाळेत व्याकरणाची सूत्रे घोकलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

पिंपळगाव राजाहून पुंजाजी आला. तिथले आमचे वडिलार्जित वावर तो बटईने करतो. त्याआधी त्याचा बाप करीत असे. सातबारा माझ्या नावाचा, घाम त्याचा, पीक अर्धे-अर्धे. जुनी आणि गोड व्यवस्था.

पिशवीतून कपाशीची बोंडे काढून त्याने माझ्या टेबलावर फोडली. प्रत्येकात गुलाबी अळी, भोवती सडका कापूस. म्हणाला, महाराज, थैलीवर लिहेल होतं का अळी लागत नाही. पण अळीले कुठं वाचता येते जी.

काम असे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार अर्ज द्यायचा. मग समिती वावरात येऊन उभे पीक पाहणार, पंचनामा करणार, मग भरपाई. तोवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उपटायची नाही, कारण उपटल्यावर पाहायला उरते काय? आणि ती उभी आहे तोवर तिथे गहू पेरता येत नाही. पुंजाजी म्हणाला, विहिरीत पाणी हाय तवर गहू होते. कापूस त गेला, गहू गेला त घरी खावाव काय? सही सातबारावाल्याची लागते. चार ओळी लिहून द्या हातानं, मी आत्ताच नेऊन देतो हापिसात.

हाताने. मी त्याला प्रेमाने समजावले की हाताने लिहिलेला अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. आपला अर्ज छापील जाईल, बोंडाच्या रंगीत फोटोसह. उद्या संध्याकाळी तयार. पुंजाजीने नव्या प्रिंटरच्या खोक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. हाव म्हणाला.

तो गेल्यावर सौ. विचारते, तुमच्या लेखातली कपाशी देशी होती ना? आपल्या वावरात बीटी कशी? मी म्हणालो, लेख तत्त्वाविषयी होता, वावराविषयी नव्हता. शिवाय थैल्या पुंजाजीने आणल्या. मी फक्त हो म्हणालो होतो.

२२ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

प्रिंटरला हळदकुंकू. नारळ मिळाला नाही, सौ. म्हणे घरात एकच आहे आणि तो चटणीचा आहे.

वायर जोडताच लिनक्सने प्रिंटर ओळखला. नावगावासह. मी तर म्हणेन आपुलकीने. चाचणीचे पान पाठवले. पडद्यावर आले: काम पूर्ण झाले. प्रिंटरमधला कागद मात्र जिथल्या तिथे, कोरा. पुन्हा पाठवले. पुन्हा पूर्ण झाले. शब्दप्रमाण म्हणते छापले, प्रत्यक्षप्रमाण म्हणते नाही. दोहोंत श्रेष्ठ कोण, यावर शास्त्रात भरपूर वाद आहे. कृषी कार्यालयात तो चालेल असे वाटत नाही.

निष्कर्ष: वायर खराब. दुकानदाराने फसवले.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

नवी वायर. तेच. वायर निर्दोष होती असे म्हणावे लागते, पण दुकानदार जुनी परत घेणार नाही म्हणतो, म्हणजे माणूस खोटा आहेच.

पुंजाजीचा फोन. मशीन लायनीवर आली काय? मी म्हणालो, जवळजवळ.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला शिकलो. काम सूत्रासारखे: कमीत कमी अक्षरे, आणि एक चुकले की अनर्थ. मन प्रसन्न झाले. पासवर्ड मागितला तेव्हा मात्र टंकलेली अक्षरे दिसेनात. की-बोर्ड बिघडला समजून तो उलटा करून आपटला. शेव, जिरे आणि एक मुंगी निघाली. नंतर कळले की पासवर्ड दिसूच नये अशी योजना आहे. गुप्तदानासारखी. योजना उत्तम, पण आधी सांगायला काय हरकत होती?

मग लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत.

२६ नोव्हेंबर, रविवार

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची जागतिक चावडी आहे. तिथे सापडले: अगदी हाच प्रिंटर, हीच व्याधी, चार वर्षांपूर्वी पेरू देशातल्या एका गृहस्थाने मांडलेली. खाली त्यानेच लिहिले होते: सुटले, आभार. कसे सुटले, ते नाही. असल्या माणसाला काय म्हणावे? विहीर सापडली म्हणून गावाला ओरडून सांगायचे, आणि कुठे ते न सांगता झोपी जायचे.

मीही प्रश्न टाकला. तासाभरात कुणीतरी विचारले, प्लगिन टाकले का? चौकशी केली. प्लगिन म्हणजे प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा एक छोटा, बंद तुकडा. तो उघडून पाहता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, फक्त वापरता येतो. आणि आधी कंपनीच्या अटी मान्य आहेत असे म्हणावे लागते. म्हणजे बीटीची थैलीच की. मी त्या गृहस्थास स्वातंत्र्य या संकल्पनेवर दोन परिच्छेद लिहून पाठवले. त्यानंतर तिकडून काही आले नाही. निरुत्तर झाला असावा.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

प्लगिनविना मार्ग काढला. आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर नसेना, त्याच्या चुलतभावाचा आहे. नावात एका आकड्याचा फरक. तो बसवला आणि अर्ज पाठवला. प्रिंटर घुरघुरला, आणि कागद आला. मी सौ.ला हाक मारली. ती येईपर्यंत दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येक कागदावर डोक्याशी एकच ओळ, तीही कोणत्या भाषेत ते कळेना: चांदण्या, उलटे प्रश्नचिन्ह, मधूनच एखादा शेंडीवाला ए. थांबवायला गेलो तर थांबेना. रीम संपल्यावर आपसूक थांबला.

सौ.ने कागद गोळा केले, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले. म्हणे, बरे झाले, डबे ठेवायला स्वच्छ झाले. आणि म्हणे, एवढ्या वेळात तुम्ही पन्नास अर्ज हाताने लिहिले असते.

ज्या घरात आपल्या प्रयोगांकडे असे पाहिले जाते, त्या घरात माणसाने उमेद कुठून आणायची?

२९ नोव्हेंबर, बुधवार

कागद आणायला बसस्टँडकडे गेलो. मोईजचे दुकान टाळून पलीकडच्या बाजूने चाललो होतो. त्यानेच हाक मारली. पंडितजी, सुना है बहोत प्रिंट निकला कल. (हे त्याला कसे कळते?) म्हणाला, अर्जंट काही असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या ना, दोन मिन्टाचं काम. घरचीच गोष्ट आहे.

क्षणभर मोह झाला. पण दुकान भरलेले होते. तो पान छापणार, आधी मोठ्याने वाचणार: वाणाचा प्रकार, बीटी. शेतकऱ्याचे नाव, आणि पुढे माझे नाव. मी म्हणालो, अर्जंट काही नाही.

तत्त्व सोडायचे नाही म्हणून नाही म्हणालो.

३० नोव्हेंबर, गुरुवार

लिनक्सने स्वतःहून प्लगिनचा विषय काढला. पडद्यावर प्रश्न: कंपनीच्या अटी मान्य आहेत का? वाय की एन? मी एन दाबले. ते म्हणाले, ठीक आहे, आणि गेले. पुन्हा बोलावले, पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा एन. असे बऱ्याच वेळा झाले. एन दाबताना एक प्रकारचे तेज अंगात येते.

मनात आले, दुसऱ्याच्या घरी जेवायला बसून ताटातले मीठ परके म्हणून नाकारणाऱ्यासारखे हे होत नाही ना? मनातले काढून टाकले.

२ डिसेंबर, शनिवार

पुंजाजीचा फोन. समिती मंगळवारी पिंपळगाव राजात येत आहे. ज्यांचे अर्ज गेलेत त्यांच्याच वावरात जाणार. शेजारच्या गुलाबरावाने शाळेच्या वहीचे पान फाडून अर्ज दिला, त्याची पोच आली. पुंजाजी म्हणाला, महाराज, सोमवारपर्यंत तरी. पऱ्हाटी नुसती उभी हाय न मी तिच्याकडं पाहून राह्यलो. रोज सकाळी जाऊन पायतो, उपटावं वाटते, हात मांघं घेतो.

मागून त्याच्या बायकोचा, तानाबाईचा आवाज आला. म्हैस अडली त डॉक्टर बोलावतेत. महाराजाले विचारा, मशीन अडली त कोणाले बोलावतेत?

मी न ऐकल्यासारखे केले. पुंजाजीला सांगितले, सरकारी दौरा ठरल्या दिवशी होत नाही. वीस वर्षे वार्ताहरकी केली, एकही वेळेवर झालेला पाहिला नाही. मंगळवार म्हणजे पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. तू निश्चिंत राहा.

तो म्हणाला, आता तुमी म्हणता त.

४ डिसेंबर, सोमवार

दिवसभर अर्जाच्या मजकुरावर काम केले. छपाई होईपर्यंत मजकूर तरी निर्दोष हवा. 'वाणाचा प्रकार' या रकान्यात बीटी असे सरळ लिहिण्याऐवजी 'बाजारात प्रचलित संकरित वाण' असे केले. सत्यही राहते, सभ्यताही.

सौ. म्हणाली, आज सोमवार. मी म्हणालो, ठाऊक आहे. ती म्हणाली, मोईज नको तर दुसरे दुकान बघा. मी म्हणालो, प्रश्न दुकानाचा नाही. ती म्हणाली, मग कशाचा आहे? मी म्हणालो, तुला कळणार नाही. ती म्हणाली, मला कळले आहे, म्हणून तर विचारते.

संवाद इथे संपला. संध्याकाळी पुन्हा एन.

५ डिसेंबर, मंगळवार

समिती आज जाणार नाही. आभाळ आलेले आहे. आभाळात साहेब लोक वावरात उतरत नाहीत. चिखलाचे बूट नंतर कोण धुणार?

फोन केला नाही. उगीच कशाला.

७ डिसेंबर, गुरुवार, सकाळ

विचार केला. आपत्काळात धर्माचेही नियम शिथिल होतात. त्याला आपद्धर्म म्हणतात. तहानेने प्राण जात असताना पाणी कोणाच्या घरचे, हे पाहायचे नसते. आणि अटी मान्य आहेत असे म्हणणे म्हणजे मनातून मान्य असणे नव्हे. जीभ म्हणते, आत्मा साक्षी असतो.

वाय दाबले.

दुपार. प्लगिन उतरले, बसले. चाचणीचे पान पाठवले. प्रिंटर घुरघुरला आणि पान आले. काय पान! अक्षर अन् अक्षर काळेभोर, कडा सरळ. मग अर्ज काढला. दोन प्रती, तिसरी फाईलला. बोंडाचा फोटो काळापांढराच आला, कारण प्रिंटर काळापांढराच आहे, हे खोक्यावर लिहिलेले होते. पण अळी ओळखू येते.

शेवटी हे यंत्र माझ्यापुढे नमले. 'मुक्त संगणक आणि ग्रामीण पत्रकार' असा लेख लिहावा म्हणतो. प्लगिनचा तपशील सामान्य वाचकाला कंटाळवाणा होईल, तो गाळावा.

उद्या अर्ज स्वतः पिंपळगावला नेणार. पुंजाजीला हातात पडू दे एकदा, मग पाहा चेहरा.

८ डिसेंबर, शुक्रवार

पिंपळगाव राजाला पोचलो तेव्हा ऊन वर आले होते. वावराच्या बांधावर उभा राहिलो आणि क्षणभर वाटले दुसऱ्याच्याच वावरात आलो. पऱ्हाटी नाही. खालची माती उलटलेली, सरळ रेषा, तिफण फिरलेली. कडेला मेंढरांच्या लेंड्या.

पुंजाजी विहिरीपाशी पाइप जोडत होता. मला पाहून आला, धोतराला हात पुसले. मी पिशवीतून अर्ज काढला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, उन्हात धरून पाहिला. म्हणाला, लयच साजरा छापला जी.

मी विचारले, पीक कुठे? म्हणाला, समिती मंगळवारी येऊन गेली. सकाळीच आली. गुलाबरावाच्या वावरात गेली, फोटू काढले, सही घेतली. मी आपल्या बांधावर उभा होतो. साहेबानं विचारलं, हे कोणाचं? मी म्हणलो, महाराजाचं. साहेब म्हणे, अर्ज? मी म्हणलो, छापून राह्यले. साहेब हसले, तसेच पुढं गेले.

मग तो बुधवारी सकाळपर्यंत थांबला. म्हणे, वाटलं तुमी येसान. मग मेंढपाळाला बोलावून पऱ्हाटी चारून टाकली, उरलेली उपटली, आणि आज पहाटेपासून गहू टाकतो आहे. उशीर झालाच आहे. आता थंडी राहिली तर होईल, नाही तर दाणा बारीक.

अर्ज त्याने घडी न करता मला परत दिला. म्हणाला, ठेवा तुमच्यापाशी. मायाकडं घरात मळते.

परतीच्या बसमध्ये विचार आला: मला एक फोनही न करता उभे पीक मेंढरांना घातले. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्यानेच असे करावे.

१० डिसेंबर, रविवार

विश्वासघात करणाऱ्यांची मनातल्या मनात उजळणी: वायरवाला. पेरूचा गृहस्थ. प्लगिन विचारून निघून गेलेला तो दुसरा. प्रिंटर, ज्याने ओळख दाखवून हात आखडता घेतला. समिती, जी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आली. आणि पुंजाजी.

सौ.चे नाव घ्यायचे म्हणत होतो. तिने आज साबुदाण्याची खिचडी केली. पुढे पाहू.

११ डिसेंबर, सोमवार

पुंजाजी आणि तानाबाई दोघेही आले. तिने हरभऱ्याच्या भाजीची जुडी आणली होती, सौ.शी बोलत आत बसली. पुंजाजी खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी बसला. नेहमी खुर्चीवर बसतो. तेव्हाच समजायला हवे होते.

म्हणाला, महाराज, एक बोलाचं होतं. गव्हाचा हिस्सा घरपोच आणून देतो, काही फरक नाही. पण आखाजीले नवं साल लागलं का मी गुलाबरावाचं वावर करतो. त्याले बटईदार पाह्यजे होता.

मी म्हणालो, तुझ्या बापापासून तुम्ही हे वावर करता. तो म्हणाला, हाव. मी म्हणालो, मग का? त्याने जमिनीकडे पाहिले. म्हणाला, गुलाबरावाच्या हाताचं अक्षर काही चांगलं नाही. पण तो लिहिते लवकर.

आतून तानाबाई म्हणाली, चाला आता, बस जाईन.

माझ्या वडिलांच्या काळात बटईदार असे सोडून जात नसत. निदान मला तरी आठवत नाही.

१३ डिसेंबर, बुधवार

हताश होणे मला मान्य नाही. नवा बटईदार पाहायचा. आणि या वेळी साधन घरातच आहे. सकाळी बसून सुंदर कागद तयार केला. वर मोठ्या अक्षरांत: 'शेत बटईने देणे आहे.' खाली गाव, विहिरीचा उल्लेख, माझा फोन नंबर. 'बागायती' हा शब्द ठळक. एका दमात वीस प्रती निघाल्या. एकही चूक नाही, एकही शेंडीवाला ए नाही. पिंपळगाव राजा, खामगाव बसस्टँड आणि वाटेतल्या दोन चहाच्या टपऱ्यांवर लावून आलो.

निश्चय: येणाऱ्यांची मुलाखत घ्यायची. घाईत कोणाला द्यायचे नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

फोन नाही. मोईज रस्त्यात भेटला. म्हणाला, पंडितजी, आपका कागद देखा. क्या प्रिंट है, माशाल्ला. मी नम्रपणे आभार मानले.

१६ डिसेंबर, शनिवार

फोन नाही. टपरीवाल्याने सांगितले, लोक वाचतात, अक्षराची तारीफ करतात.

१९ डिसेंबर, मंगळवार, दुपार

फोन आला. रोहिणखेडचा गृहस्थ, आवाज वयस्क, बोलणे अदबीचे. म्हणाला, तुमचा कागद स्टँडवर पाह्यला. मी कागद-पेन पुढे ओढले आणि त्याला सांगितले की काही प्रश्न विचारावे लागतील. तो म्हणाला, विचारा न. पण आधी मले सांगा, हे छापलं कुठून? मी म्हणालो, घरीच, लिनक्सवर. तो म्हणाला, थे काय असते मले नाही माहीत, पण आमाले असाच एक छापून द्यान काय? माया वावराले बी बटईदार भेटून नाही राह्यला.

मी म्हणालो, देईन.

तो पलीकडे कुणाशी तरी बोलला, आणि मग म्हणाला, एक नका काढू जी, पाचसहा काढा. इथं आमच्या पाराजवळ बसेल सगळ्याइलेच पाह्यजेत.